प्रकल्प समन्वयक : कामाची ओळख आणि सुरुवात

कारखान्याची उभारणी असो, इमारत असो वा सॉफ्टवेअर, काम ठरलेल्या मुदतीत व खर्चात व्हावे म्हणून सर्व विभागांत दुवा साधतो तो प्रकल्प समन्वयक, म्हणजेच प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरील आयटी कंपन्या आणि पीथमपूरचे कारखाने यांमुळे आपल्या मुलामुलींना हे क्षेत्र जवळचे आहे. त्यासाठी इंजिनिअरच असावे लागते असे नाही. कागदपत्रे, बिले व पाठपुरावा सांभाळणाऱ्या जागांवर बी.कॉम., बी.ए. झालेलेही लागतात.

कामाचे स्वरूप
बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, कोणते काम कोणाकडे व कधीपर्यंत याचा तक्ता ठेवणे, पुरवठादारांकडे तगादा लावणे आणि उशीर दिसताच व्यवस्थापकाला कळवणे. निर्णयाचा अधिकार व्यवस्थापकाचा असतो. समन्वयकाला गोड बोलून, पण चिकाटीने काम करून घ्यावे लागते.

उशिराची किंमत
बँक प्रकल्पकर्ज कामाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने देते. 2 कोटी उचलले असतील आणि व्याजदर 10 टक्के असेल, तर एक महिन्याच्या उशिराचे व्याजच सुमारे 1 लाख 67 हजार होते. वेळेवर दिलेली सूचना म्हणूनच मोलाची.

शिक्षण
एक्सेल पक्के हवे. गँट चार्ट वाचता व करता यावा. इंग्रजीत नेमके पत्र लिहिता यावे. ‘स्वयम्’ पोर्टलवर या विषयाचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. अमेरिकेतील पीएमआय संस्थेची ‘सीएपीएम’ परीक्षा नवशिक्यांसाठी आहे. तिला अनुभवाची अट नाही, मात्र 23 तासांचे प्रशिक्षण लागते. 3 तासांत 150 प्रश्न असतात. ‘पीएमपी’ला काही वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे सुरुवातीला तिच्या मागे लागू नये.

पालकांनी घ्यायची काळजी
‘शंभर टक्के नोकरी’ सांगून मोठी फी घेणाऱ्या वर्गांपासून सावध राहावे. फीसाठी मुलाच्या नावे कर्ज काढले जात असेल तर करार पूर्ण वाचावा. नोकरी लागली नाही तरी हप्ते थांबत नाहीत, आणि थकल्यास सिबिल स्कोअर घसरतो.

अनुभव कोठून आणावा?
मंडळाचा गणेशोत्सव हाही एक प्रकल्पच. तारीख ठरलेली, पुढे ढकलता येत नाही. अंदाजपत्रक, परवानग्या, मांडव, वर्गणी सारे त्यात येते. एका वर्षी ही जबाबदारी घ्यावी, तक्ता व हिशेब लेखी ठेवावा. मुलाखतीत दाखवायला तो उपयोगी पडेल.