वाहनाचा वेग आणि इंधनाचा वापर

ठरावीक अंतर कापण्यासाठी वाहनाला किती इंधन लागेल, हे वाहनाचे वजन, आकार, इंजिन, रस्ता आणि चालवण्याची पद्धत यांबरोबरच वेगावरही अवलंबून असते. पेट्रोल व डिझेल वाहनांत दर किलोमीटरला लागणारे इंधन अगदी कमी वेगाला जास्त असते, मध्यम वेगाला किमान होते आणि त्यानंतर वेगाबरोबर झपाट्याने वाढत जाते. या संबंधाचा आलेख पसरट वाटीसारखा दिसतो. वाटीचा तळ म्हणजे त्या वाहनाचा काटकसरीचा वेग होय. बहुतेक मोटारींसाठी तो ताशी ५० ते ८० कि.मी.च्या दरम्यान, तर लहान मोटारसायकलींसाठी ताशी ४० ते ५५ कि.मी.च्या आसपास असतो. "गाडी जितकी हळू, तितके पेट्रोल कमी" ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे.

मोजमाप

भारतात इंधनाचा वापर एका लिटरमध्ये कापलेल्या किलोमीटरमध्ये सांगतात. त्याला मायलेज म्हणतात. महाराष्ट्रात बोलताना ‘ॲव्हरेज’ हा शब्द अधिक ऐकू येतो. युरोपातील बहुतेक देशांत हेच उलट, म्हणजे १०० कि.मी.ला किती लिटर, असे मोजले जाते. बचतीचा हिशेब करताना दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक ठरते. मायलेज १० वरून १२ झाले, तर १,००० कि.मी.मागे सुमारे १७ लिटर वाचतात. २० वरून २२ झाले, तर केवळ साडेचार लिटर. दोन्हीकडे वाढ दोनचीच दिसते, मात्र जास्त इंधन पिणाऱ्या जड वाहनाचा वेग आवरल्याने होणारी बचत मायलेजच्या आकड्यात झाकली जाते.

वाहनाला होणारे रोध

सपाट रस्त्यावर एकसमान वेगाने जाणाऱ्या वाहनाचे इंजिन मुख्यतः दोन रोधांशी झगडत असते. पहिला टायरचा. टायर रस्त्याला टेकतो तेथे तो दबतो व पुढे सरकताच पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्या-उसळण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा रोध वाहनाच्या वजनाच्या प्रमाणात असतो आणि नेहमीच्या वेगांना फारसा बदलत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, तर तो वाढतो.

दुसरा रोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. या रोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट होते. दर किलोमीटरच्या इंधनाचा हिशेब करताना यातील वर्गाचा नियम लागू पडतो, कारण वेग वाढल्यावर तेच अंतर कमी वेळात कापले जाते.

उदाहरणादाखल, प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची एक मध्यम मोटार घेऊ. नेहमीची मूल्ये धरल्यास तिच्या टायरचा रोध सुमारे १४० न्यूटन येतो. हवेचा रोध ताशी ५० कि.मी.ला सुमारे ८०, ताशी ८० कि.मी.ला २०७, ताशी १०० कि.मी.ला ३२४ आणि ताशी १२० कि.मी.ला ४६७ न्यूटन येतो. ताशी ६५ कि.मी.च्या सुमारास दोन्ही रोध समान होतात. त्यापुढे मोटार प्रामुख्याने हवा ढकलण्यासाठीच इंधन जाळते. ताशी ८० ऐवजी १०० कि.मी.ने गेल्यास दर किलोमीटरला करावे लागणारे कार्य सुमारे एक तृतीयांशाने वाढते. ताशी १२० कि.मी.ला ते ८० च्या तुलनेत पावणेदोन पट होते. भार वाढल्यावर इंजिनाची कार्यक्षमता काहीशी सुधारत असल्याने प्रत्यक्ष इंधनातील वाढ याहून थोडी कमी असते.

मोटारसायकलीचे गणित वेगळे आहे. स्वारासह तिचे वजन २०० किलोच्या आतबाहेर असल्याने टायरचा रोध ३० न्यूटनपेक्षाही कमी असतो. मात्र उघडी चाके, हँडल आणि ताठ बसलेला स्वार यांमुळे तिचा आकार हवेच्या दृष्टीने फारच ओबडधोबड ठरतो. परिणामी ताशी ३५ ते ४० कि.मी.लाच हवेचा रोध टायरच्या रोधाला गाठतो. दुचाकीचा काटकसरीचा वेग मोटारीपेक्षा कमी असण्याचे हे एक मुख्य कारण आहे. अंगावर फडफडणारा रेनकोट किंवा दोन्ही बाजूंना लटकवलेल्या पिशव्या तिला मोटारीपेक्षा अधिक जाणवतात त्याही यामुळेच.

हवेच्या रोधात महत्त्व असते ते हवेच्या सापेक्ष वेगाला. समोरून ताशी २० कि.मी.चा वारा असेल, तर ताशी ८० कि.मी.ने जाणाऱ्या वाहनाला ताशी १०० कि.मी.इतका हवेचा रोध सोसावा लागतो. मोटारीच्या टपावरील रिकामा कॅरिअरही वेगवान प्रवासात इंधन खातो. शहरातील वेगाला त्याचा त्रास नगण्य असतो.

कमी वेगाला इंधन जास्त का लागते

केवळ रोधांचाच विचार केला, तर सर्वांत कमी वेग हाच सर्वांत काटकसरीचा ठरला असता. तसे होत नाही याचे कारण इंजिनात आहे. गाडी उभी असली तरी चालू इंजिन आपलेच अंतर्गत घर्षण भागवण्यासाठी इंधन जाळत असते. लहान मोटारीच्या इंजिनाला यासाठी तासाला सुमारे ०.७ लिटर लागते असे धरू. ताशी १० कि.मी.ने सरकणाऱ्या वाहतुकीत एवढ्याचाच भार १०० कि.मी.मागे ७ लिटर होतो; ताशी ७० कि.मी.ला तो १ लिटर राहतो. वेग वाढेल तसा हा स्थिर खर्च अधिक किलोमीटरवर विभागला जातो. त्याची घट आणि हवेच्या रोधाची वाढ जेथे एकमेकींना तोलतात, तो काटकसरीचा वेग.

पेट्रोल इंजिनात याला आणखी एक कारण जोडले जाते. कमी भारावर चालताना त्याची हवा आत घेण्याची वाट झडपेने अडवलेली असते व त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यातही शक्ती खर्च होते. डिझेल इंजिनात हवेची अशी अडवणूक बहुधा नसल्याने ते हलक्या भारावर तुलनेने कमी इंधन घेते. याच कारणामुळे एकाच वेगाला वरच्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे कमी ठेवून चालवलेली गाडी खालच्या गिअरपेक्षा कमी इंधन घेते. मात्र इंजिन कुंथू लागेल इतका वरचा गिअर टाकणे इंजिनाला अपायकारक असते.

थांबणे, निघणे आणि घाट

शहरात सरासरी वेगापेक्षा वेगातील चढउतार अधिक महागात पडतात. वर उल्लेखिलेली मोटार ताशी ६० कि.मी.ला असताना तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक लावताच ती सगळी उष्णता होऊन जाते. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरल्यास ही ऊर्जा पुन्हा मिळवण्यासाठी साधारण २० मिलिलिटर पेट्रोल लागते. ताशी ३० कि.मी.वरून थांबल्यास हाच खर्च ५ मिलिलिटर होतो, कारण गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबून तेथे लवकर पोहोचणारा चालक वेळ वाचवत नाही, केवळ पेट्रोल जाळतो. तीच गाडी आधीच ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये घरंगळत नेली, तर आधुनिक इंजिनाचा इंधनपुरवठा काही काळ पूर्णपणे बंद राहतो.

उतारावर न्यूट्रल करून इंधन वाचवण्याची सवय ट्रकचालकांपासून दुचाकीस्वारांपर्यंत अनेकांना असते. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत तिचा थोडा फायदा होत असे. इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते, तर गिअरमध्ये उतरताना ते बंद होते. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव मिळत नाही, संपूर्ण भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. बोरघाटासारख्या घाटात अवजड वाहनांनी खालच्या गिअरमध्येच उतरावे असे सांगितले जाते ते यासाठीच.

वेगमर्यादा आणि इंधन

इंधनासाठी वेगमर्यादा घालण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली, परंतु तिचा मुख्य हेतू टायरचे रबर वाचवणे हा होता. ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इस्रायल युद्धानंतर अरब देशांनी तेलपुरवठा रोखला, तेव्हा पश्चिम जर्मनीने ऑटोबानवर काही महिन्यांसाठी ताशी १०० कि.मी.ची मर्यादा लावली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ कि.मी. ही मर्यादा आली. ती १९८७ मध्ये शिथिल झाली व १९९५ मध्ये रद्द करण्यात आली. तिच्यामुळे झालेली इंधनाची बचत अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती, कारण अनेक चालक ती पाळत नव्हते आणि एकूण प्रवासाचा मोठा भाग मुळातच कमी वेगाच्या रस्त्यांवर होत होता. मात्र अमेरिकेतील रस्ते अपघातांतील मृत्यू १९७३ मधील सुमारे ५४ हजारांवरून १९७४ मध्ये सुमारे ४५ हजारांवर आले. इंधनटंचाईमुळे घटलेला प्रवास हेही त्याचे एक कारण होते.

स्पेनने २०११ मध्ये तेलाच्या चढ्या किमतींमुळे महामार्गावरील मर्यादा चार महिन्यांसाठी १२० वरून ११० कि.मी. केली. नेदरलँड्सने मार्च २०२० पासून दिवसा ताशी १०० कि.मी.ची मर्यादा लावली ती इंधनासाठी नव्हे, तर नायट्रोजन प्रदूषण घटवण्यासाठी.

भारतातील स्थिती

भारतात १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ ही संस्था अनेक वर्षे मोटारचालकांना ताशी ४५ ते ५५ कि.मी.चा वेग राखण्याचा सल्ला देत आली आहे. आधुनिक मोटारींना पाच-सहा गिअर असल्याने त्यांचा काटकसरीचा वेग या पट्ट्याच्या थोडा वर सरकला आहे.

गाडीच्या जाहिरातीतील मायलेज पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांमधील चाचणीतून येते. मोटारींच्या चाचणीसाठी वापरल्या गेलेल्या सुधारित भारतीय चालनचक्रात कमाल वेग ताशी ९० कि.मी. आहे. त्यामुळे द्रुतगती मार्गावर सतत १०० च्या पुढे चालवणाऱ्याला प्रमाणित आकडा मिळाला नाही, तर गाडीत दोष आहे असे समजण्याचे कारण नाही.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ कि.मी. लांबीचा असून त्यावर मोटारींसाठी ताशी १२० कि.मी.ची मर्यादा आहे. एकसमान वेग धरल्यास हे अंतर ताशी १२० कि.मी.ने ५ तास ५० मिनिटांत, तर ताशी १०० कि.मी.ने ७ तासांत कापले जाईल. एखादी मोटार १०० ला लिटरमागे १८ आणि १२० ला १५ कि.मी. देते असे गृहीत धरल्यास पहिल्या वेगाला ३९ व दुसऱ्याला ४७ लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे १ तास १० मिनिटांची किंमत सुमारे ८ लिटर पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, विशेषतः घाटात व पथकर नाक्यांजवळ, एकसमान वेगच क्वचित मिळतो. तेथे असा सरळ हिशेब लागू पडत नाही.

विजेवर चालणारी वाहने

विजेच्या वाहनाला उभे असताना मोटर चालू ठेवावी लागत नाही आणि ब्रेक लावताना गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत साठवता येतो. त्यामुळे त्याच्या आलेखातील वाटीचा तळ ताशी २० ते ३० कि.मी.च्या आसपास येतो. पेट्रोल मोटार शहरापेक्षा मोकळ्या महामार्गावर चांगले मायलेज देते. विजेची मोटार याच्या बरोबर उलट वागते. भरधाव प्रवासात एका चार्जिंगमधील अंतर घटलेले पाहून नव्या मालकांना आश्चर्य वाटते, पण हवेचा रोध दोन्ही वाहनांना सारखाच असतो. विजेच्या वाहनात तो लपवायला इंजिनाचे इतर अपव्यय उरलेले नसतात, इतकेच.