कुठवर आलास?

मुंबईच्या उपनगरांत ‘तू कुठे आहेस?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. विचारतात ते ‘कुठवर आलास?’ असे. वरवर पाहता हे दोन प्रश्न एकच वाटतील. पण त्यांच्यात मुलुंड आणि बोरीवली यांच्याइतके अंतर आहे. म्हणजे नकाशावर पाहावे तर शेजारी-शेजारी, आणि गाडीने जाऊ म्हटले तर दादरला वळसा. पुण्याचा माणूस कुठेतरी असतो, आणि दुपारी एक ते चार तर घरीच असतो. उपनगरातला माणूस मात्र कुठे असा नसतोच. तो कुठून तरी निघालेला असतो आणि कुठे तरी पोचायचा असतो. ही साधी गोष्ट अमेरिकेतल्या काही हुशार पोरांना वेळीच कळली असती, तर त्यांचे बरेच डॉलर वाचले असते.

पण इतिहास म्हटला की सनावळीपासून सुरुवात केली पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे होते आणि माणसे सुमारे चारशे. आज गर्दीच्या वेळी तेवढी माणसे एका डब्यात असतात, आणि ‘पुढे सरका, आत जागा आहे’ असे ओरडणारा पायरीवर लटकलेला गृहस्थ वेगळाच. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी आली, १९२८ साली बोरीवलीपर्यंत वीज पोचली, आणि तेव्हापासून लाखो मुंबईकर रोज ठरावीक वेळी, ठरावीक फलाटावर, ठरावीक खांबापाशी उभे राहू लागले. कोण कुठे आहे हे सांगणारे यंत्र शोधायची त्यांना गरजच पडली नाही. आठ-सतराच्या फास्टच्या मागून तिसऱ्या डब्यातला माणूस कोठे आहे, हे विचारायचेच कशाला? तो आठ-सतराच्या मागून तिसऱ्या डब्यात आहे. नसेल तर तो आजारी आहे किंवा त्याची बदली झाली आहे.

या डब्यातल्या ग्रुपला आजच्या भाषेत ‘सोशल नेटवर्क’ म्हणावे लागेल. त्याला सभासद होते, नियम होते, पत्ते होते, भजन होते. खंडेनवमीला झेंडूच्या माळा बांधून डब्याची पूजा होत असे. चौथ्या सीटवर बसणाऱ्याला खिडकीपर्यंत बढती मिळायला जितकी वर्षे लागत, तितक्या वर्षांत आमच्या बँकेत क्लार्कचा ऑफिसर होई. आणि डब्याबाहेरच्या भेटीसाठी एकच पत्ता असे : ‘चर्चगेटला इंडिकेटरखाली.’ त्या इंडिकेटरखाली किती लग्ने जमली, किती मोडली आणि किती उसने पैसे परत मिळाले नाहीत, याची नोंद रेल्वेने ठेवलेली नाही.

मग फोन आले. आधी ‘पी.पी.’चा फोन. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, नंबर आपल्या पत्रिकेवर. निरोप आपल्याला मिळण्याआधी तो मजल्यावरच्या सर्वांना मिळालेला असे. १९९५ साली भारतात मोबाइल आला, पण सुरुवातीला येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे फोन वाजला की माणूस दचके. त्यातून आपल्या लोकांनी मिस्ड कॉल नावाचा शास्त्रीय शोध लावला. एक रिंग म्हणजे अंधेरी सोडले, दोन रिंगा म्हणजे कांदिवली गेले, कुकर लाव. एक पैसा खर्च न करता माणसाचे ठिकाण सांगणारी ही पद्धत होती. तिचे पेटंट कोणी घेतले नाही, कारण घेणाऱ्याला स्वतःचा फोन उचलावा लागला असता.

इकडे आपण रिंगा मोजत असताना तिकडे अमेरिकेत वेगळीच खटपट चालली होती. १ मे २००० च्या मध्यरात्री क्लिंटनसाहेबांच्या सरकारने उपग्रहाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोपर्यंत सामान्य माणसाला आपली जागा शंभर-एक मीटर इकडेतिकडे कळत असे. न्यूयॉर्कला हे चालत असेल. अंधेरीला शंभर मीटरची चूक म्हणजे पूर्व की पश्चिम हाच घोटाळा, आणि तो पूल चढून उतरल्याशिवाय दुरुस्त होत नाही. त्याच वर्षी डेनिस क्रॉली नावाच्या तरुणाने आणि त्याच्या दोस्ताने ‘डॉजबॉल’ काढले. आपण कुठल्या हॉटेलात बसलो आहोत ते एसएमएसने कळवायचे, की जवळपासच्या मित्रांना आपोआप निरोप जायचा. गूगलने ते २००५ साली विकत घेतले आणि २००९ साली बंद केले. क्रॉलीने मग नवीन सेल्वादुराई या भागीदाराबरोबर ‘फोरस्क्वेअर’ काढले. त्याच सुमारास टेक्सासमध्ये ‘गोवाला’ आले. त्याआधीच सॅम ऑल्टमन नावाच्या कॉलेजकुमाराने ‘लूप्ट’ काढले होते. हे तेच ऑल्टमन, पुढे चॅटजीपीटीमुळे ज्यांचे नाव आपल्या पोरांच्या गृहपाठापर्यंत पोचले.

या सर्वांची गाठ माझ्याशी पडली ती धाकट्या मेहुण्यामुळे. मेहुणा बोरीवलीचा, इंजिनिअर आणि उत्साही. २०११ च्या पावसाळ्यात एका शनिवारी त्याने मला अंधेरी पूर्वेला एका ‘मीटअप’ला नेले. मीटअप म्हणजे ज्यात अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत, आभारप्रदर्शन नाही, फक्त सामोसे आहेत अशी सभा. मुलुंडहून मी आधी घाटकोपरला उतरलो, आणि मग तीनशे चाळीस नंबरच्या बसने अंधेरी गाठली. मेट्रो यायला अजून तीन वर्षे होती. एकूण प्रवास पावणेदोन तास.

व्यासपीठावर दोन तरुण होते, एक फोरस्क्वेअरच्या बाजूचा, एक गोवालाच्या. पडद्यावर तक्ता होता. कुठेही गेलात की फोनवर ‘चेक-इन’ करायचे, म्हणजे मी इथे आहे अशी नोंद करायची, हे दोघांतही समान. फोरस्क्वेअरमध्ये त्याबद्दल गुण मिळत, बिल्ले मिळत, आणि एका जागी सर्वांहून जास्त वेळा गेलात की तुम्ही त्या जागेचे महापौर होत असा. गोवालामध्ये पासपोर्टवर सुंदर शिक्के बसत. मी आयुष्यभर मस्टरवर सही करीत आलो आहे, तेव्हा कल्पना नवी वाटली नाही. फरक एवढाच, की मस्टरचा पगार मिळतो. फोरस्क्वेअरमध्ये सुरुवातीला घरी बसूनही हजेरी लावता येई, आणि २०१० साली त्यांनी त्याचा बंदोबस्त केला, हे ऐकून तर मला अमेरिका एकदम जवळची वाटली.

फोरस्क्वेअरवाला तरुण एका कॉफीच्या दुकानाचा महापौर होता.

“महापौर झालं की काय मिळतं?” मी विचारले.

“मान मिळतो.”

“अधिकार?”

“तसा काही नाही.”

म्हणजे मुंबईच्या महापौराची घटना त्यांनी नीट अभ्यासली होती. इथेही झब्बा महापौराचा आणि सही आयुक्ताची.

मग मेहुण्याने फोन काढून दाखवला. बोरीवलीहून त्याला त्यावर मुलुंडचे आमचे घर बारा किलोमीटरवर ‘जवळपास’ दिसत असे. खोटे नव्हते. फक्त त्या बारा किलोमीटरांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होते, आणि त्यातल्या बिबट्यांनी अजून चेक-इन केलेले नव्हते. गाडीने जायचे तर मुलुंड ते दादर बावीस किलोमीटर, दादर ते बोरीवली चोवीस. मुंबईत ‘जवळ’ म्हणजे किती, हे किलोमीटर सांगत नाहीत. किती ठिकाणी गाडी बदलावी लागते ते सांगते.

शेवटी ‘काही प्रश्न?’ झाले. मागच्या रांगेतले एक पिकल्या केसांचे गृहस्थ उठले. ते बहुधा इमारतीतलेच कोणीतरी असावेत. सामोसा त्यांनी आधीच संपवला होता. त्यांनी विचारले, “मी रोज सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास लोकलमध्ये असतो. तेव्हा चेक-इन कुठं करायचं?”

दोघा तरुणांनी एकमेकांकडे पाहिले. एकजण म्हणाला, “पोचल्यावर करा.”

“पोचल्यावर कशाला? पोचल्यावर मी दिसतोच की!”

हशा झाला आणि सभा संपली. पण माझ्या मते त्या संध्याकाळचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात होते. त्या सर्व अ‍ॅपांना माणूस एखाद्या ठिकाणी असतो असे वाटत होते. आम्ही ठिकाणी नसतो, मध्ये असतो. आणि आमची वाट पाहणाऱ्याला काळजी असते ती मधल्या वेळाची.

ही काळजी काय असते ते २६ जुलै २००५ ला मुंबईने पाहिले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, रस्ते बुडालेले, मोबाइल मुके. मी घाटकोपरच्या शाखेतून रुळांच्या कडेने चालत रात्री नऊला मुलुंडला पोचलो. सौ. तेव्हा मरोळला नोकरीला होती. लग्नाला वर्ष झालेले. ती निघाली होती एवढेच ठाऊक होते; कुठवर आली ते सांगणारे जगात काही नव्हते. आई देवापुढे आणि मी गॅलरीत, असे दोन तास गेले. दोघेही एकमेकांशी बोलत नव्हतो. अकराच्या सुमारास शेजारच्या जोशीकाकूंचा फोन वाजला. तो जिवंत कसा राहिला होता, हे टेलिफोन खात्यालाही सांगता आले नसते. पलीकडे पवईच्या एक बाई होत्या. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या मिसेस आमच्याकडे आहेत. खिचडी खाऊन झोपल्या. सकाळी पाणी उतरलं की पाठवते.”

त्यांनी नाव सांगितले नाही आणि मला विचारायचे सुचले नाही. फोनशेजारी त्यांच्याकडे वही होती म्हणे, त्यात त्या रात्री घरात घेतलेल्या नऊ जणींचे नंबर होते. लागेल तो नंबर त्या एकेक करून फिरवीत बसल्या होत्या. ना गुण, ना बिल्ला.

तो मीटअप झाल्यानंतरची खातेवही थोडक्यात सांगतो, कारण बँकेतल्या माणसाला शिल्लक काढल्याशिवाय झोप येत नाही. गोवाला फेसबुकने डिसेंबर २०११ मध्ये घेतले आणि २०१२ साली त्याला टाळे लागले. लूप्ट त्याच वर्षी ४ कोटी ३४ लाख डॉलरना ग्रीन डॉट या पैशांची कार्डे विकणाऱ्या कंपनीकडे गेले. म्हणजे शेवटी आमच्याच धंद्यात आले. गूगलचे ‘लॅटिट्यूड’ २००९ साली जन्मले, २०१३ साली वारले. फोरस्क्वेअरने २०१४ साली वाटणी करून चेक-इनसाठी ‘स्वार्म’ वेगळे काढले. ते अजून आहे. मूळ अ‍ॅप मात्र डिसेंबर २०२४ मध्ये मिटले. मधल्या काळात काही डच पोरांनी २०१० साली एक संकेतस्थळ काढून दाखवले, की ‘मी इथे आहे’ असे जगाला सांगणे म्हणजे ‘मी घरी नाही’ असे चोराला सांगणे. आमच्या चाळीत हे शहाणपण मावळणकाकांना कधीचेच होते. गावी जाताना ते दारात चपलांचे दोन जोड ठेवून जात.

आणि टिकले काय? तर २०१० साली सचिन टेके या मराठी तरुणाने काढलेले एम-इंडिकेटर. सुरुवातीला त्यात लोकलचे वेळापत्रक होते, साध्या फोनवर चालणारे. ना महापौर, ना शिक्के. नाव त्याने चर्चगेटच्या त्या इंडिकेटरची आठवण देणारे ठेवले, तेवढ्यानेच आमचा विश्वास बसला. पुढे त्यात प्रवाशांच्या गप्पांची सोय आली. तिथे कोणी ‘मी कॉफी पीत आहे’ असे लिहीत नाही. लिहितात ते असे : ‘कल्याण फास्ट कुर्ल्याला उभी, स्लो पकडा.’ लिहिणारा अनोळखी, वाचणारा अनोळखी. पण एकाची अडकलेली गाडी दुसऱ्याचा अर्धा तास वाचवते. ती पवईच्या बाईंचीच जात. २०२२ साली मध्य रेल्वेनेही ‘यात्री’ अ‍ॅपवर लोकल कुठवर आली ते दाखवायला सुरुवात केली. रेल्वेला हा प्रश्न कळायला १६९ वर्षे लागली, पण कळला.

२०१७ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर आपले चालते-फिरते ठिकाण कोणालाही पाठवता येते. मुदती तीनच : पंधरा मिनिटे, एक तास, आठ तास. आमच्या मुदत ठेवींपेक्षा सुटसुटीत. मात्र त्यामुळे मुंबईकराचे एक पुरातन स्वातंत्र्य गेले. अंगाला साबण लावलेला माणूस ‘निघालोच, पोचतोय’ असे म्हणू शकत असे, तो आता म्हणू शकत नाही.

आमची मुलगी कॉलेजहून येताना न सांगता आपला ठिपका आईला पाठवते. परवा तो ठिपका कांजूर आणि भांडुपच्या मध्ये वीस मिनिटे एका जागी उभा होता. एम-इंडिकेटरवर चौघांनी लिहिले होते, की सिग्नल गेला आहे, गाडी उभी आहे, सगळे ठीक आहे. म्हणजे मुलगी कोठे आहे हे उपग्रहाने सांगितले होते आणि का आहे हे सहप्रवाशांनी. सौ.ने दोन्ही नीट वाचले, चष्मा काढून ठेवला, आणि फोन लावून विचारले, “काय गं, कुठवर आलीस?”