सांधे आणि सुटे भाग

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर होटगी हे जंक्शन लागते. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेली. हा मार्ग ब्रॉड गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असलेला. पुढे १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. कोरडवाहू मुलखात धान्य वेळेवर पोचावे या हेतूने सदर्न मराठा रेल्वेची उभारणी झाली आणि १८८४ च्या सुमारास तिचा गदगहून विजापूरमार्गे येणारा मार्ग होटगीला येऊन मिळाला. हा मात्र मीटर गेजचा होता. रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर.

मीटर गेज ही काटकसरीची निवड होती. अरुंद मार्गाला माती कमी लागते, पूल हलके चालतात, डबे स्वस्त पडतात. लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत १८७० साली हे माप ठरले. हिंदुस्थानात दशमान पद्धत लवकरच येणार अशी तेव्हा अपेक्षा होती, म्हणून नेमका एक मीटर. (प्रत्यक्षात वजनमापांचा दशमान कायदा व्हायला १९५६ साल उजाडले!) मार्ग स्वस्तात झाला खरा, पण वाचलेल्या पैशाची वसुली होटगीसारख्या ठिकाणी सुरू झाली. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. धान्याचे प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवायचे आणि दुसरीत चढवायचे. इंजिन कितीही दमदार असले तरी मालाचा वेग ठरणार हमालांच्या पाठीवर. सोलापूरहून सुटणारी मीटर गेजवरची गोलगुंबज एक्स्प्रेस अनेक वाचकांना आठवत असेल. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले आणि ही मापांची फारकत मिटली.

रेल्वेची ही हकिकत येथे सांगण्याचे कारण मात्र संगणक आहे. होटगीलाच राहणाऱ्या एका शिक्षकमित्रांच्या मुलीला खेळांसाठी संगणक हवा होता, आणि त्यावरच त्रिमितीय चित्रण शिकण्याचाही तिचा विचार होता. हाताशी रक्कम ५५,००० रुपये. सुटे भाग घेऊन जोडणी करायची होती, म्हणून "यादी तेवढी तुम्ही करून द्या," असे त्यांनी मला सांगितले. एका दुकानातून मिळालेली यादी त्यांनी सोबत दाखवली. तिच्यात मायक्रोप्रोसेसर झोकदार होता, ग्राफिक्स कार्डाला जागाच नव्हती आणि वीजपुरवठ्याचा डबा बिननावाचा होता. इंजिन मोठे आणि होटगीचा फलाट अरुंद, असा तो प्रकार होता.

यादीकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीची स्मृती आणि तिसरीचे कार्ड एकत्र आणून संगणक चालू होतो, हे मुळात शक्य कसे झाले?

आरंभी ते शक्य नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५५ साली संगणक बांधणीचे काम सुरू झाले. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र झाले आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक त्यात होते. स्मृती फेराइटच्या कड्यांची होती. तिच्यात प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे १०,२४० बाइट. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. एका ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एकच चित्र साठवायला ८२,९४,४०० बाइट लागतात. टिफ्रॅकची स्मृती ८१० पट केली तरच हे एक चित्र त्यात मावेल, आणि खेळात अशी निदान ६० चित्रे दर सेकंदाला लागतात! अर्थात ही तुलना टिफ्रॅकला उणेपणा आणण्यासाठी नाही. मुद्दा असा की त्या यंत्राचा प्रत्येक सांधा त्याच यंत्रापुरता होता. त्यातला भाग काढून दुसऱ्या संस्थेच्या संगणकात बसवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

हे चित्र बदलले ते एका मोठ्या कंपनीच्या घाईमुळे. आय. बी. एम. ने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक, म्हणजे पीसी, बाजारात आणला. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या लहानशा गटाने तो जेमतेम वर्षभरात तयार केला. एरवी सर्व काही घरात बनवणाऱ्या या कंपनीला इतक्या थोड्या वेळात ते जमण्याजोगे नव्हते, म्हणून गटाने बाजारातले भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला. त्याचा थोरला भाऊ ८०८६ उपलब्ध होता, पण ८०८८ बाहेरच्या जगाशी एका वेळी ८ बिटच बोलत असल्याने सोबतच्या चिपा स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या चालत. याशिवाय मुख्य पाटीवर जादा कार्डे खोचण्यासाठी पाच खाचा ठेवल्या आणि विद्युतमंडलांच्या आकृत्यांसह सारी तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने विक्रीला ठेवली. ६२ टाचण्यांची ती खाच कशी वापरायची हे आता कोणालाही वाचून समजणार होते. माझ्या मते पीसीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग प्रोसेसर नव्हे, ही खाच होय.

एकच कुलूप शिल्लक होते. ते म्हणजे यंत्र सुरू होताना चालणारा 'बायोस' हा आज्ञासंच. त्यावर आय. बी. एम. चा स्वामित्वहक्क होता. कॉम्पॅक कंपनीने त्याची नक्कल न करता, त्याचे वर्तन तेवढे टिपून नव्याने आज्ञा लिहिल्या आणि १९८२ च्या अखेरीस आपला जुळा संगणक जाहीर केला. १९८४ पासून फिनिक्स कंपनी असा बायोस कोणालाही विकू लागली आणि जुळ्यांचे पीकच आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत सरकारचे नवे संगणक धोरण जाहीर झाले, आयातीवरील बंधने सैल झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (आता डॉ. भडकमकर मार्ग) रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या बाजारात मदरबोर्ड आणि रॅम दिसू लागले. 'असेंबल्ड' हा शब्द मराठी घरांत रूढ झाला तो या बाजारामुळे.

आय. बी. एम. ला हातातून निसटलेली सूत्रे परत हवी होती. १९८७ साली तिने पीएस/२ ही मालिका काढली. तिच्यातली मायक्रो चॅनेल नावाची खाच तांत्रिक दृष्ट्या सरस होती, पण ती वापरायची तर परवाना आणि स्वामित्वधन. शिवाय जुनी कार्डे तिच्यात बसत नव्हती. १९८८ मध्ये नऊ स्पर्धक कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डेही सामावणारी आपली खाच जाहीर केली. सरस असूनही मायक्रो चॅनेल मागे पडली. गंमत अशी की त्याच पीएस/२ ची व्हीजीए ही पडद्याची जोडणी सर्वांनी उचलली, आणि शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरला लागणारी १५ टाचण्यांची निळी जोडणी तीच. पुढे इंटेलची पीसीआय खाच (१९९२), मदरबोर्डाच्या मापांचे एटीएक्स मानक (१९९५) आणि पीसीआय एक्स्प्रेस (२००३) अशी मालिका लागली. पीसीआय एक्स्प्रेसची पुढची आवृत्ती मागच्या आवृत्तीची कार्डे चालवते. ब्रॉड गेजच्या रुळावर गाडी फक्त वेगवान होत गेली, माप बदलले नाही.

बाजारातले भाग जोडण्याची ही वाट पुण्यातही चोखाळली गेली. अमेरिकेकडून हवा तो क्रे महासंगणक मिळण्यात अडचणी आल्यावर १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यासाठी निवडली ती ब्रिटिश इनमॉस कंपनीची ट्रान्सप्यूटर ही चिप. अनेक चिपा एकमेकींना जोडण्याचे चार दुवे तिच्यातच होते, त्यामुळे कमी पैशांत समांतर गणन साधले. पण हे दुवे त्या एकाच घराण्याचे होते. ट्रान्सप्यूटरची पुढची पिढी रेंगाळली आणि ते घराणेच संपले. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांचे, बाजारात मिळणारे संगणक एकमेकांना जोडले होते. आधीच्या निवडीला मी चुकीची म्हणणार नाही. १९८८ साली याहून चांगला पर्याय दिसत नव्हता.

खेळांच्या कार्डांचा इतिहास याच वळणाने गेला. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू कार्ड आले. ते केवळ त्रिमितीय चित्रे काढी. साध्या चित्रांसाठी जोडीला दुसरे कार्ड लागे. तरी खेळणाऱ्यांच्या त्यावर उड्या पडल्या. या कार्डाशी बोलण्याची 'ग्लाइड' ही भाषा कंपनीची खासगी होती. ओपनजीएल (१९९२) आणि मायक्रोसॉफ्टची डायरेक्टथ्रीडी (१९९६) या भाषा मात्र अनेक कंपन्यांच्या कार्डांना समजत. खेळ लिहिणारे हळूहळू तिकडे वळले. थ्रीडीएफएक्सने स्वतःची चिप इतर कार्ड-उत्पादकांना देणेही थांबवले आणि २००० च्या डिसेंबरात तिची बहुतेक मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली.

आता मित्रांची यादी. खेळातल्या प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसर आधी हिशेब करतो (कोण कुठे आहे, काय आदळले) आणि ग्राफिक्स कार्ड मग ते रंगवते. एक चित्र रंगत असताना पुढच्याचा हिशेब चालू असतो. समजा हिशेबाला ८ मिलिसेकंद आणि रंगवायला २० मिलिसेकंद लागतात. मग सेकंदाला ५० चित्रे. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला, हिशेब ४ मिलिसेकंदांत झाला, तरी चित्रे ५०च! कार्ड मात्र १२ मिलिसेकंदांवर आणले तर चित्रे ८३ होतात. म्हणून अशा संगणकात सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा.

प्रोसेसर म्हणून मी एएमडीचा सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६०० लिहिला. तो एएम४ या सांध्यात बसतो. २०१६ मध्ये आलेल्या या एकाच सांध्यावर प्रोसेसरांच्या अनेक पिढ्या निघाल्या. (उलट उदाहरण २०१७ चे: इंटेलच्या नव्या प्रोसेसरांचा सांधा दिसायला आधीचाच होता, पण जुन्या मदरबोर्डांवर त्यांना अधिकृत प्रवेश नव्हता. रूळ तेच, सिग्नल वेगळा.) एएम४ चा प्रवास संपत आला आहे हे मला ठाऊक होते. त्याच्या जागी आलेला एएम५ (२०२२) घेतला असता तर त्याची पाटी आणि डीडीआर५ स्मृती यांतच कार्डाचे पैसे गेले असते. येथे मी काटकसरीच्या बाजूने कौल दिला. मदरबोर्ड मात्र बी५५० चिपसंचाचा घ्यायला लावला. निवडलेले रेडिऑन आरएक्स ६६०० हे कार्ड सोळाऐवजी आठच मार्गिका वापरते, आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या तिसऱ्या आवृत्तीवर त्या आठांची क्षमता निम्मी होते. स्मृती १६ जीबीची, पण ८ च्या दोन पट्ट्या, म्हणजे येण्याजाण्याला दोन वाटा.

वीजपुरवठ्याच्या डब्याचा हिशेब सोपा आहे. कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर भर कामात ८० च्या आसपास, बाकी सारे मिळून ५० ते ६०. बेरीज २७० पर्यंत जाते. क्षणिक उसळ्या धरून नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा डबा पुरे. हा भाग पुढच्या दोन संगणकांनाही चालेल, म्हणून येथे पैसे वाचवू नयेत. होटगीचा उन्हाळा हा आणखी एक घटक. पंख्याने चिप हवेपेक्षा थंड होत नाही. चिप आणि हवा यांच्या तापमानांतला फरक कामाच्या प्रमाणात राहतो. खोली २८ अंशांवरून ४० अंशांवर गेली की चिपही साधारण १२ अंशांनी वर चढते. म्हणून पुढे जाळी असलेली पेटी, दोन पंखे आणि पक्के अर्थिंग. काचेच्या दर्शनी भागावरचे रंगीत दिवे मी यादीतून काढले. मुलीला ते फारसे रुचले नाही.

शाळेच्या कपाटात एखादा बंद पडलेला संगणक असेल, तर वीज पूर्ण तोडून त्याची पेटी वर्गात उघडता येईल. आतल्या प्रत्येक खाचेचे नाव आणि ती कोणत्या वर्षी आली हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. एकाच पाटीवर दोन दशकांचे सांधे सापडतात. वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचा उच्चांक ३२५ व्होल्टच्या घरात असतो. त्या दाबाने भारलेले धारित्र डब्यात असते आणि तार काढल्यावरही ते काही काळ भारलेले राहू शकते.