डबाबंद अळंबी, पार्टीतला डिप आणि न पेटलेली चूल

१/
मेजवानीत मुख्य जेवणाआधी एक वाडगा फिरतो. घट्ट आंबट सायीत किंवा मऊ चीजमध्ये कालवलेली, बारीक चिरलेली डबाबंद अळंबी, आणि भोवती वेफर्स. डबा फोडायचा, पाणी निथळायचे, चिरायचे, कालवायचे. या साऱ्या खटाटोपात चूल कोठेच पेटत नाही. आजचा थ्रेड त्या न पेटलेल्या चुलीविषयी आहे. ती विझली तेव्हा अन्न निर्धोक राखण्याची जबाबदारी स्वयंपाकघरातून कारखान्याकडे गेली, आणि त्या स्थलांतराची किंमत काहींना प्राणांनी मोजावी लागली.

२/
अळंबी हे मुळात टिकणारे अन्न नव्हे. तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी असते. कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी ताजी असतानाच शिजवावी लागते. पूर्व युरोपात ती दोरीत ओवून वाळवत किंवा पिंपात मिठाने खारवत. वाळवणाने पाणी जाते. मिठाने पाणी जंतूंच्या उपयोगाचे राहत नाही. दोन्ही उपायांत ताज्या अळंबीचा पोत आणि चव मात्र बदलते.

३/
हा पेच सोडवण्याचा दावा निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने केला. अन्न काचेच्या बाटलीत भरून, घट्ट बूच लावून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. त्याच वर्षी त्याचे पुस्तकही निघाले, आणि त्यात अळंबी टिकवण्याची रीत होती. लगोलग इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्यासह अशाच पद्धतीचे पेटंट घेतले. रीत लाभली, कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. पाश्चरचे सूक्ष्मजीवविषयक संशोधन अजून अर्धे शतक दूर होते.

४/
डब्यांना माल हवा, तोही बारमाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या चुनखडीच्या जुन्या खाणींत, अंधारात, घोड्यांच्या लिदीच्या खतावर अळंबीची शेती फोफावली. १८८५ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर येथे फुलांच्या व्यापाऱ्यांनी काचघरातील मांडण्यांखालची रिकामी जागा याच कामी लावली. रानातली ऋतुबद्ध वस्तू आता कारखान्याचा कच्चा माल झाली.

५/
धोक्याचे नाव कळले ते १८९५ मध्ये. बेल्जियममधील एलेझेल या खेड्यात एका अंत्यविधीनंतर वादकांच्या पथकाने खारवलेले, न शिजवलेले डुकराचे मांस खाल्ले. अनेकांची दृष्टी अंधुक झाली, गिळणे अवघड झाले, तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून एक जंतू वेगळा केला. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. तो मातीत राहतो, हवेवाचून वाढतो, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरू शकतात.

६/
आता अळंबीकडे पाहा. ती वाढते मातीत आणि खतात. तिच्यात आंबटपणा जवळपास नाही. आणि बंद डब्यात हवा नाही. या जंतूला याहून सोयीचे घर कोणते? आपले कैरीचे लोणचे टिकते ते तेलामुळे, असा समज रूढ आहे. वास्तविक जंतूंना रोखतात ते कैरीचा आंबटपणा आणि सढळ मीठ. तेल केवळ वरची हवा अडवून बुरशीला आवर घालते. आम्ल आणि मीठ वगळून नुसत्या तेलात अळंबी बुडवली, तर आपण या जंतूला नको असलेली हवा तेवढी दूर करतो.

७/
१९१९ मध्ये ओहायोतील कँटन शहरात एका मेजवानीत डबाबंद पिकल्या ऑलिव्हमुळे ७ जणांचा मृत्यू झाला. ऑलिव्हही न शिजवताच खाल्ले जातात, हे ध्यानात ठेवावे. पुढे अशाच आणखी घटना घडल्या आणि कॅलिफोर्नियातील डबाउद्योग हादरला. १९२२ साली एस्टी आणि मायर या संशोधकांनी बीजाणू किती तापमानाला किती वेळात मरतात, याची मोजदाद प्रसिद्ध केली. आज आम्लहीन अन्नाच्या डब्याच्या गाभ्याला १२१ अंश सेल्सियसची उष्णता सुमारे ३ मिनिटे मिळालीच पाहिजे, हा किमान दंडक मानतात. एवढे तापमान दाबाखालीच मिळते. तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचेच.

८/
डिपचा काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. अमेरिकेची उपनगरे वाढली, घरोघरी दूरचित्रवाणी आली, आणि हातात धरून खाता येईल असे खाणे लोकप्रिय झाले. १९५४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कोरड्या कांदा-सूपची पुडी आंबट सायीत कालवण्याची टूम निघाली. पुढे सूप विकणाऱ्या कंपनीनेच ती पाकिटावर छापली. अळंबीचे घट्ट डबाबंद सूप तर १९३४ पासूनच बाजारात होते. चिरलेल्या डबाबंद अळंबीने त्या वाडग्यात सहज प्रवेश मिळवला.

९/
येथेच इतिहासाचे वळण आहे. बोट्युलिनमचे बीजाणू चिवट असले, तरी त्याचे विष उष्णतेपुढे टिकत नाही. १० मिनिटे खळखळून उकळल्यास ते निष्प्रभ होते. म्हणजे डब्यात चूक राहिली असली, तरी रश्श्यात शिजणारी अळंबी घरच्या चुलीवर दुसऱ्यांदा तपासली जात असे. डिपने ही दुसरी तपासणी रद्द केली. खाणारा आणि विष यांच्यात उरला तो एकटा कारखाना.

१०/
ही भीती काल्पनिक नव्हती. १९७१ मध्ये न्यूयॉर्क परिसरात थंडच खाल्ल्या जाणाऱ्या डबाबंद बटाट्याच्या सूपमुळे एका माणसाचा मृत्यू झाला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आम्लहीन डबाबंद अन्नासाठी तापमान, वेळ आणि नोंदी यांचे नवे नियम लागू केले. नेमक्या त्याच वर्षी ओहायोतील एका कारखान्यात अळंबीचे डबे फुगलेले आढळले.

११/
त्या अळंबीचा फटका बसला इलारियो फॅब्रिनी या मिशिगनमधील पिझ्झा बनवणाऱ्या स्थलांतरित उद्योजकाला. त्याचा पिझ्झा खाऊ घातलेले प्रयोगशाळेतील दोन उंदीर मेले. मार्च १९७३ मध्ये त्याने सुमारे २९,००० पिझ्झे खड्ड्यात पुरले. राज्याचे गव्हर्नर या ‘अंत्यविधी’ला हजर होते. पुढे कळले की ते उंदीर बोट्युलिनमने मेले नव्हते. वर्तमानपत्रांना ही गंमत वाटली. पण चूक झाली असेल तर ती दुसऱ्याच्या कारखान्यात, आणि नुकसान मात्र त्याचे. डब्यावरचा विश्वास तुटला की प्रथम कोण भरडला जातो, याचा हा धडा आहे.

१२/
एव्हाना डबाबंद अळंबीचा व्यापार पूर्व आशियात सरकला होता. साठच्या दशकात भाताच्या पेंढ्याच्या खतावर अळंबी पिकवून तैवान मोठा निर्यातदार झाला; पुढे चीन आला. १९८९ मध्ये चीनहून आलेल्या डबाबंद अळंबीमुळे अमेरिकेत चार ठिकाणी मिळून ९९ जण आजारी पडले. या खेपेस गुन्हेगार निराळा होता: स्टॅफिलोकॉकस.

१३/
या जंतूचे विष उष्णतेला दाद देत नाही. डबाबंद होण्यापूर्वीच अळंबीत ते तयार झाले असेल, तर कारखान्याची १२१ अंशांची आच जंतू मारते, विष तसेच राहते. येथे डबा निर्दोष, आच पुरेशी, आणि तरीही अन्न विषारी. आपेरपासून चालत आलेला ‘बंद करा आणि तापवा’ हा विश्वास अपुरा ठरला. सुरक्षितता डब्यापाशी सुरू होत नाही. ती खुडणाऱ्या हातापासून सुरू होते. अमेरिकेने चिनी डबाबंद अळंबीची आयात रोखली.

१४/
या साऱ्यातून डबाबंद अन्न वाईट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दररोज असंख्य डबे फुटतात आणि कोणाला काही होत नाही. हे शंभर वर्षांच्या मोजदादीचे, नियमांचे आणि अनाम कामगारांच्या दक्षतेचे यश आहे. मात्र ते यश दिसत नाही. दिसतो तो फक्त वाडगा. चूल विझवण्याची मुभा आपल्याला कोणी तरी आपल्यासाठी दुसरीकडे आच पेटती ठेवल्यामुळे मिळाली आहे.

१५/
म्हणून इतिहासाने शिकवलेल्या चार गोष्टी. फुगलेला, गळणारा वा शिवणीवर चेपलेला डबा चाखून पाहू नये, थेट टाकावा. हे विष वासाने वा चवीने ओळखू येईलच असे नाही. उघडलेल्या डब्यातली उरलेली अळंबी झाकणाच्या भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावी. डिप तासन्‌तास मेजावर राहू देऊ नये. आणि घरी अळंबी तेलात बुडवून फडताळात साठवू नये, कितीही सुंदर बरणी असली तरी.

थ्रेड समाप्त.