तेलाच्या मापाने मोजलेले देवमासे

एक निळा देवमासा बरोबर दोन फिन देवमासे, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई. हे कोष्टक कोणत्याही अंकगणिताच्या पुस्तकात आढळावयाचे नाही. परंतु १९४४ पासून १९७२ पर्यंत दक्षिण ध्रुवाकडील समुद्रातील शिकारीची मर्यादा याच कोष्टकावर ठरत असे. एका निळ्या देवमाशापासून जेवढे तेल निघते, तेवढे मिळविण्यास इतर जातींचे किती प्राणी मारावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ. ज्या नियमाने देवमासे राखावयाचे, त्या नियमानेच त्यांना तेलाच्या पिंपात मोजले होते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली म्हणजे पुढचा इतिहास समजण्यास सोपा जातो.

जुने शिकारी वल्ह्यांच्या होडीतून हाताने भाला फेकीत. वेगाने पोहणारा निळा देवमासा त्यांच्या हाती लागत नसे. मेलाच तर बुडून जाई. नॉर्वेच्या स्वेन फॉइनने १८६० नंतरच्या दशकात तोफेतून सुटणारा आणि अंगात शिरून फुटणारा भाला तयार केला व तो वाफेच्या बोटीवर बसविला. मेलेल्या प्राण्याच्या शरीरात हवा भरून त्याला तरंगत ठेवण्याची युक्तीही साधली. १९०४ मध्ये लार्सन नावाच्या दर्यावर्द्याने दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन येथे ठाणे वसविले. त्याच सुमारास तेल गोठवून त्याची मार्गारीन व साबण बनविण्याची रसायनविद्या हाती आली, आणि दिव्यांतून हद्दपार होऊ घातलेले हे तेल युरोपच्या न्याहारीच्या पावावर जाऊन बसले! १९२५ मध्ये ‘लान्सिंग’ या जहाजाला मागील बाजूस उतार बांधण्यात आला. अख्खा देवमासा डेकवर ओढून घ्यावयाचा आणि तेथेच त्याचे तेल काढावयाचे. आता बंदराची गरज उरली नाही. अर्थात बंदराच्या मालकाने घातलेल्या अटींचीही नाही.

१९३०-३१ च्या एका हंगामात दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात एकोणतीस हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. तेल इतके झाले की भाव कोसळला आणि पुढच्या हंगामात नॉर्वेची बहुतेक जहाजे घरीच राहिली. देवमाशांना ही सुट्टी मिळाली ती बाजारभावाच्या कृपेने. १९३१ मध्ये जिनीव्हा येथे राष्ट्रसंघाच्या आश्रयाखाली पहिला करार झाला. पिल्ले व पिल्लांच्या माता यांना त्याने अभय दिले. परंतु एकूण किती प्राणी मारावेत याला त्यात मर्यादा नव्हती. शिवाय जपान व जर्मनी त्यात आलेच नाहीत.

युद्धानंतर, २ डिसेंबर १९४६ रोजी, वॉशिंग्टन येथे नवा करार झाला, आणि त्यातून निर्माण झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाची पहिली बैठक १९४९ मध्ये लंडनला भरली. देवमाशांचे जतन व्हावे आणि त्यायोगे शिकारीच्या धंद्याचा सुव्यवस्थित विकास व्हावा, असा या कराराचा दुहेरी उद्देश होता. या दोन गोष्टी एका वाक्यात सुखाने नांदल्या. समुद्रावर मात्र त्यांचे पटले नाही. एखादा निर्णय न मानणाऱ्या सभासदाने नव्वद दिवसांत आक्षेप नोंदविला की तो त्या निर्णयातून मोकळा. जहाजावरील निरीक्षक असे, पण तो ज्याचे जहाज त्याच देशाचा!

मर्यादा ठरली एका हंगामास सोळा हजार एककांची, आणि तीही सर्व देशांस मिळून. प्रत्येक तांडा आपली आठवड्याची शिकार नॉर्वेतील सांडेफ्योर्डच्या कचेरीस कळवी. बेरीज भरत आली की हंगाम बंद. साहजिकच प्रत्येकाची धडपड दुसऱ्याच्या आधी अधिक मारण्याची. त्यातही कोष्टकाची गंमत अशी, की एक निळा मारला तर दोन फिनांचे श्रम वाचत. तेव्हा निळे संपत आले तरी फिनांच्या शोधात निघालेला तोफवाला वाटेत भेटलेल्या निळ्याला सोडीत नसे. चॅपमन, ॲलन व होल्ट या तीन शास्त्रज्ञांना आयोगाने १९६० मध्ये खरी मोजदाद करण्यास सांगितले; पुढे गलंड त्यांना मिळाले. त्यांच्या हिशोबाने धोका स्पष्ट दाखविला, तरी मर्यादा त्वरेने खाली आली नाही.

ज्या आकड्यांवर हा हिशोब मांडला होता, ते आकडेच खोटे होते, हे जगाला कळण्यास १९९३ साल उजाडावे लागले. सोव्हिएत तांड्यांनी १९४८ ते १९७३ या काळात दक्षिण गोलार्धात २,७१० हंपबॅक मारल्याचे कळविले होते. खरी संख्या होती ४८,४७७. अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हे उघड केले. त्या तेलाची रशियाला फारशी निकड होती असेही नाही. योजनेतील आकडा ओलांडला की खलाशांना बक्षीस मिळे, म्हणून तो ओलांडला जाई.

१९७० मध्ये हंपबॅकच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशा माणसांनी तो आवाज घरात बसून ऐकला. १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेने दहा वर्षे शिकार थांबविण्याची मागणी केली. आयोगाने त्याच महिन्यात ती फेटाळली. मात्र ते कोष्टक त्याच वर्षी रद्द झाले. पुढे शिकार न करणारे देश आयोगात येऊ लागले. १९८१ मध्ये भारत आला. जुलै १९८२ मध्ये ब्रायटन येथे मतदान झाले: बाजूने पंचवीस, विरुद्ध सात, तटस्थ पाच. तीन चतुर्थांश बहुमतास चोवीस मते पुरेशी होती. म्हणजे ठराव तरला तो एका मताने, आणि भारताचे मत त्या पंचविसांत होते.

१९८५-८६ पासून व्यापारी शिकारीची मर्यादा शून्यावर आली. नव्वद दिवसांची पळवाट मात्र राहिली, आणि आक्षेपाच्या आधारे नॉर्वे आजही शिकार करतो. जपानने संशोधनाच्या नावाने शिकार चालू ठेवली. दक्षिण ध्रुवाकडील त्यांची मोहीम कराराशी विसंगत आहे, असा निर्णय ३१ मार्च २०१४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बारा विरुद्ध चार मतांनी दिला. त्या बारांत भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. २०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला व आपल्याच सागरी हद्दीत उघड शिकार करू लागला.

ब्राझीलच्या बाजूचे हंपबॅक आज पंचवीस हजारांच्या घरात पोहोचले आहेत. एके काळी ते काही शेच उरले होते. आपल्या अरबी समुद्रातील हंपबॅकांची गोष्ट निराळी. सेशेल्सच्या पुढाकाराने १९७९ मध्ये हिंदी महासागर अभयारण्य ठरला आणि गोवा-कोकणापुढचे पाणीही त्यात आले. पण त्याआधी, नोव्हेंबर १९६६ मध्ये, सोव्हिएत तांड्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांपुढे दोनशेहून अधिक हंपबॅक मारले होते. हे हंपबॅक इतरांप्रमाणे ध्रुवाकडे ये-जा करीत नाहीत. बारा महिने याच समुद्रात राहतात. त्यामुळे दक्षिणेचे कळप कितीही वाढले तरी येथील रिकामी जागा भरून निघत नाही. ओमानच्या किनाऱ्यावर झालेल्या मोजणीत त्यांची संख्या शंभरही भरली नाही.