मंगळसूत्रावर चाललेले स्वयंपाकघर

१/ मूळ घर ऐतवडे बुद्रुकचे, आजच्या सांगली जिल्ह्यातले. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात गरीब मुलांसाठी वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकाच पंक्तीत जेवत.

२/ खर्च वाचवण्याचा मार्ग एकच होता, स्वावलंबन. स्वयंपाक, झाडलोट ही कामे मुले स्वतःच करीत.

३/ परंतु काटकसरीलाही मर्यादा असते. पैसा नसला म्हणून मुलांची भूक थांबत नाही. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही दिले.

४/ १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. १९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या.

५/ पुढे ‘कमवा आणि शिका’ ही रयत शिक्षण संस्थेची ओळख बनली. तिच्या जमाखर्चात मुलांच्या घामाबरोबर लक्ष्मीबाईंचे सोनेही जमा आहे.