फळ्यावर न लिहिलेला धडा



१ डिसेंबरला जागतिक एड्स दिन येतो. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. पण या आजाराविषयी मुलांना खरे कोणी सांगायचे, या प्रश्नालाही एक इतिहास आहे. त्या इतिहासात आपला पांढुर्णा-सौंसरचा परिसरही येतो.

भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ साली लागला. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने मद्रासमध्ये रक्ताचे नमुने गोळा केले. ते तपासले गेले वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. म्हणजे अगदी पहिल्या पावलापासून एक ख्रिस्ती संस्था या कामात होती.

पुढे २००५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. बाहेरचा तज्ज्ञ न आणता शाळेतल्याच शिक्षकांना तयार करायचे, आणि त्यांनी नववी व अकरावीच्या मुलांना १६ तास शिकवायचे, अशी त्याची रचना होती. लाजऱ्या मुलांसाठी प्रश्नपेटी होती. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, उत्तर गुरुजी वर्गात देणार.

पण २००७ मध्ये संस्कृतीच्या नावाने विरोध झाला. मध्य प्रदेशाने हा कार्यक्रम थांबवला, महाराष्ट्रानेही थांबवला. सौंसरचे लेकरू शिकायला नागपूरला मामाकडे गेले असते, तरी त्याला तिथेही हा धडा मिळाला नसता. शिक्षक गप्प बसले तरी मुलांचे कुतूहल गप्प बसत नाही. ते दुसरीकडे उत्तर शोधते, आणि बहुधा चुकीचे शोधते.

मग शिक्षकांना प्रशिक्षण दिले की झाले का? पश्चिम केनियात ३२८ शाळांमध्ये याचा अभ्यास झाला. प्रशिक्षित शिक्षक एड्सविषयी अधिक बोलू लागले, पण मुलांच्या ज्ञानात आणि वागण्यात फारसा फरक पडला नाही. उलट ज्या मुलींना गणवेश मोफत मिळाला, त्या शाळेत टिकल्या. त्यांच्यात लवकर लग्ने आणि बाळंतपणे कमी झाली. प्रशिक्षण व्यर्थ, असा याचा अर्थ नव्हे. शब्दाला आधाराच्या हाताची जोड हवी, एवढाच.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की आईबापाचे? योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभू तो हिशेबच नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. आईकडून एचआयव्ही आलेल्या मुलाकडे पाहताना आपण शिष्यांसारखे विचारतो, की प्रभूसारखे वागतो?

एचआयव्ही शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा डासामुळे होत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून वा सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. वेळेवर उपचार घेतले तर आईकडून बाळाला होणारी लागण बहुतांशी टाळता येते. २०१७ च्या कायद्याने अशा मुलाला शाळेत भेदभावाने वागवण्यास मनाई केली आहे. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.

म्हणून आमची विनंती आहे. रविवारच्या शाळेतही एक प्रश्नपेटी ठेवा, आणि वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यातील समुपदेशकाला बोलवा. आणि ज्या मुलीचे शिक्षण वहीपायी वा गणवेशापायी अडले असेल, तिच्यासाठी मंडळीने पुढे यावे.

प्रभू आपल्याला सत्य सांगण्याचे धैर्य आणि जवळ बसण्याची प्रीती देवो. आमेन.